बंकरमधली मासळी

लेकीला डोहाळे लागले ते सुक्या मासळीचे. अलास्काच्या टोकाच्या बेटावर तिच्याकडे आलेल्या सुनेत्राकाकूंनी अंगणात दोरी बांधली आणि मालवणला घालतात तशी मासळी वाळत घातली. पण रोज दोरीवरची मासळी कमी होऊ लागली.

शेजारचा म्हातारा कोळी वासिली महायुद्धातल्या जुन्या बंकरमध्ये भरलेली टोपली घेऊन शिरायचा आणि रिकामी घेऊन बाहेर यायचा. “चोर मेला!” म्हणत काकू आज तरातरा आत घुसल्या. त्यांचीच मासळी तिथे ओळीने टांगलेली होती.

“बाहेर ठेवलेलं इथे गरुड पळवतात,” मागून वासिली म्हणाला. “उरली तेवढी वाचवली.”

“मग सांगायचं नाही का मला?”



“आलो होतो की! मला बघितलं की तुम्ही दार लावून घेता.”