भिंगरीचा पाय

“हा बघा, मागच्या महिन्यातला,” म्हणत आईने मोबाइल कानांच्या डॉक्टरांपुढे धरला.

पडद्यावर भिंगरी नाचत होती. शाळेत तिचं नाव दुसरंच होतं, पण एका जागी उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरात भिंगरी. गिरकी, ठेका, पाय. गिरकी, ठेका, पाय.

डॉक्टरांनी व्हिडिओ पुन्हा लावला. त्यांच्यासमोर तपासणीचा कागद होता. त्यावरच्या दोन रेघा, एकेका कानाची एकेक, खाली खाली घसरत गेल्या होत्या.

“ह्यात तर एकही ठेका चुकलेला नाही.”

“तेच तर म्हणतेय मी. परवा मागून गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, आणि ही आपली रस्त्याच्या मधून चाललीय. हाताला धरून ओढली तेव्हा बाजूला झाली. त्याआधी काहीसुद्धा नव्हतं हो.” आईने शेजारच्या खुर्चीकडे मान वळवली. “व्हिडिओ ह्यांनीच केलाय. एडिटर आहेत. लग्नात रुसून बसलेला नवरदेवसुद्धा हसतमुख करून देतात.”

डॉक्टर हसल्या. एडिटर हसला नाही.

“तुमचंही हेच म्हणणं ना?” त्यांनी त्याला विचारलं. “कारण असं आहे, ऐकू येणं एकाएकी कमी झालं असेल, तर…”

तर.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याची पट्टी आडवी पसरलेली असते. जिथे ठेका पडतो तिथे एडिटर खूण करतो. मग चित्राचा तुकडा उचलतो आणि त्या खुणेवर आणून बसवतो. गाडीचं दार लागलं, ठेका. ग्लासाला ग्लास भिडला, ठेका. काकूंनी डोळे पुसले, ठेका. माणसं मुळात ठेक्यावर वागत नाहीत. त्यांना वागायला लावणं, ह्यावर त्याचं पोट.

भिंगरीच्या नाचाच्या क्लासचे व्हिडिओ तो हौसेने करायचा. ती एकटी दिसते ते तुकडे शेवटी जुळवायला ठेवायचा, ताटातला आवडीचा घास ठेवावा तसे. एका कार्यक्रमात तिचा पाय उशिरा पडलेला दिसला. केसभर. त्याने तुकडा केसभर मागे ओढला. लेकरूच आहे.

पुढच्या कार्यक्रमात नखभर. दमली असेल.

त्यापुढे बोटभर. तेव्हा त्याला तिचा रागच आला. बापाचा सगळा जन्म ठेका जुळवण्यात गेला आणि पोर बेताल, लोक काय म्हणतील. तोही तुकडा ओढला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्याच टाळ्या. आत्याने लिहिलं, अगदी बापावर गेलीय.

त्याने त्यावर आवडल्याचा अंगठा टाकला.

“…तर आजच्या आज इंजेक्शनं सुरू करायला हवीत. पण हळूहळू कमी होत गेलं असेल, तर त्यांचा उपयोग नाही. मग कारण वेगळं, शोध वेगळा. आणि ते कुठपर्यंत जाणार आहे, ते आधी बघावं लागेल. म्हणून विचारतेय.”

एडिटिंगच्या खोलीत असता, तर त्याने आपलं उत्तर इथे आणून बसवलं असतं. प्रश्न संपला, उत्तर. इथे तो नुसता टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी खुर्ची भिंगरीकडे वळवली. सावकाश, तोंड मोठं करून विचारलं, “बाळा, तुला कधीपासून कमी ऐकू येतंय?”

भिंगरी त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग तिने बाबाकडे बघितलं. बराच वेळ. आणि खांदे उडवले.

“तिला काय कळतंय,” आई म्हणाली.

“मग एकाएकीच धरते.” डॉक्टरांनी पेन उचललं.

“थांबा,” एडिटर म्हणाला. एक शब्द लिहूनही झाला होता. “हा व्हिडिओ खरा नाही. म्हणजे नाच खरा आहे, पण ठेक्यावर तो मी आणलाय. ती मागे पडते. वर्ष होत आलं. दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त.”

चारचौघांत कधी ‘अहो’ न चुकवणारी आई ते विसरली. “वर्ष? आणि तू गप्प बसलास?”

“मला कानाचं सुचलंच नाही गं. मला वाटलं, चुकतेय.”

“मूळ तुकडे ठेवलेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळे आहेत.”

“मग ते घेऊन या. तुम्ही जेवढं मागे ओढलंत ना, तेवढंच मला बघायचंय.” त्यांनी लिहिलेला शब्द खोडला.

एडिटर खुर्चीवरून उठला आणि भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसला. तिला ओठ दिसतील असा.

“भिंगरे, मला वाटायचं तू लक्ष देत नाहीस. म्हणून मी तुझा पाय सरकवायचो.”

भिंगरीने त्याचं वाक्य शेवटपर्यंत बघितलं. मग त्या लहानशा खोलीला जरा जास्तच होईल अशा आवाजात म्हणाली, “मी नाचताना शेजारच्या मुलीचा पाय पडला की मग माझा टाकायचे. आणि तुझ्या व्हिडिओत तो बरोबर असायचा. मला वाटलं, तुला कळलंय आणि कुणाला सांगायचं नाहीये. म्हणून मी आईलापण नाही सांगितलं.”