शिडी धरणारा

शनिवार पेठेतल्या नाट्यगृहात यज्ञेश्वर आणि मकबूल वीस वर्षं प्रकाशयोजनेचं काम एकत्र करत होते. गेल्या महिन्यात लोंबणाऱ्या वायरी पाइपाला बांधताना मकबूल शिडीवरून पडला आणि जागीच गेला. शिडी धरायची सोडून यज्ञेश्वर चहा प्यायला गेला होता.

त्याच वायरी बांधायला आज दुपारी यज्ञेश्वर एकटाच वर चढला. शिडी डगमगायला लागली, तसा त्याने पाइप घट्ट धरला.

मग शिडी एकदम स्थिर झाली.

"कोण आहे?" खाली न बघताच त्याने विचारलं.

"सावकाश बांध, यज्ञा," मकबूल म्हणाला. "तू उतरेपर्यंत मी कुठे जात नाही."

शेवटची गाठ मारून झाली होती. यज्ञेश्वरने ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.