आतून आलेली टेंगळं

"पोचा बाहेरून आत जातो, लल्ला. हे आतून बाहेर आलंय," मालेम अल्लाल म्हणाला आणि त्यानं डिकीचं झाकण उचलून बतूलपुढे फळीवर ठेवलं.

बतूलनं चष्मा चढवला. आसफीत बाईला मानानं लल्ला म्हणतात, उस्ताद कारागिराला मालेम. पन्नास वर्षांचे रंगाचे थर उतरल्यावर बाबांच्या प्यूजो गाडीचा पत्रा उघडा पडला होता, आणि झाकणावर जिकडे तिकडे मुठीएवढी टेंगळं. कोणीतरी त्यांच्या आजूबाजूला लांबीचा लगदा भरून सगळं सारखं केलं होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं.

आसफीच्या बंदरावर पत्रा ठोकणारे पैशाला पासरी. पत्रा वाचणारा मात्र हा एकच. डोळे मिटून अल्लाल पंजा फिरवायचा आणि ठोकर कुठून बसली, कशाची बसली, चूक कुणाची होती, सगळं सांगून मोकळा व्हायचा. भांडत आलेले लोक त्याच्याकडून मुकाट परत जात.

आताही त्याचा पंजा झाकणावर फिरला. "मेंढा," तो म्हणाला. "शिंगं आहेत ही. आणि एका मेंढ्याचं काम नाही."

बतूलला हसू आलं, पण कडूच. "मालेम, दुसरं काहीही सांगा. मेंढा आणि ह्या गाडीत? ईदेला अख्खं गाव डिकीत मेंढा घालून, झाकण दोरीनं अर्धवट बांधून आणायचं. आमचा यायचा हातगाडीवरून. मागून आम्ही चार भावंडं चालत. गाडीला वास लागेल म्हणायचे बाबा. आम्हालासुद्धा चपला हातात घेऊन बसवायचे."

"ठाऊक आहे."

"सगळ्या गावालाच ठाऊक आहे. लोक हसायचे."

बाबा गेल्यावर भाऊ म्हणाले होते, गाडी भंगारात घाल. तिनं ऐकलं नाही. बापाला आपल्यापेक्षा ही गाडी लाडकी होती, हे शल्य साठी उलटली तरी गेलं नव्हतं. तरीही त्या माणसाची जीव लावलेली एकमेव वस्तू मोडीत काढायला तिचा हात धजला नाही. प्रेमानं की हट्टानं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"या इकडे," अल्लाल म्हणाला.

मागची सीट काढलेली होती. सीट आणि डिकीच्या मधल्या पत्र्याला बारा भोकं पाडलेली. गंज नव्हे, कुणीतरी मापानं पाडलेली.

"बोट घाला. घाला हो, कापत नाही."

तिनं घातलं. कड लोण्यासारखी गुळगुळीत होती.

"एकेक भोक कानशीनं घासलंय. जनावराला हवा मिळावी, आणि नाकाला पत्रा लागू नये. चाळीस वर्षं गाड्या उघडतोय मी, पत्र्यात एवढी माया पाहिली नाही." अल्लालनं हात पुसले. "आता मला सांगा, झाकण पक्कं बंद करून मेंढा कोण नेतं? ज्याला तो कुणाला दिसू द्यायचा नसतो, तोच."

"पण नेला कुणाकडे?"

अल्लाल शेगडीकडे वळला. किटली उचलून त्यानं दोन पेले चहा ओतला.

"आमच्या कोळ्यांच्या गल्लीत. माझा बाप आणि आणखी चौघं एकाच होडीबरोबर बुडाले. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. पुढच्या वर्षापासून, ईदेच्या आदल्या दिवशी पहाटे, पाचही दारांच्या कड्यांना मेंढे बांधलेले. कोण बांधतं, कधी बांधतं, पत्ता नाही. असं पोरं कमावती होईपर्यंत. आई म्हणायची, फरिश्ते येतात." तो हसला. "प्यूजोतून येत असतील असं बिचारीला वाटलं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, लल्ला. ह्या माणसानं घरच्यांनाही कळू दिलं नाही."

"मग ती हातगाडी?"

"ती लोकांना दिसावी म्हणून. ज्या गाडीत स्वतःचा मेंढा बसत नाही, तिच्यावर कोण संशय घेणार?"

बतूल तिथल्याच एका टायरवर बसली. हातगाडीमागून मान खाली घालून चालणारी ती चार पोरं तिला दिसली, आणि सगळ्यांत पुढे हसू झेलत चाललेले बाबा. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

"केवढे लबाड होतात हो बाबा," ती त्या पत्र्याला म्हणाली.

मग डोळे पुसून ती उठली. गाडीचे तीन दरवाजे खरवडून स्वच्छ झाले होते. चौथा, ड्रायव्हरच्या बाजूचा, रंगासकट भिंतीला टेकलेला होता.

"हा का ठेवलाय?"

"उद्या करतो."

"तीन आठवडे उद्याच चाललंय तुमचं. आणा ते रंग उतरवायचं औषध इकडे." आज तिला बाबांच्या गाडीला स्वतःचा हात लावायचाच होता. अल्लाल काहीतरी पुटपुटला, पण तिनं ऐकून घेतलं नाही. ब्रश फिरवला, रंग सुरकुतून फुगला, आणि तिनं पात्यानं तो ओढून काढला.

खाली अक्षरं होती. खिळ्यानं खोलवर ओरखडलेली, वेडीवाकडी, दरवाज्याच्या पार खालच्या अंगाला. एक अक्षर तर चक्क उलटं. तिनं बोट ठेवून वाचलं.

कंजूष.

बतूलचं डोकं फिरलं. "कोण गाढव हा? माझ्या बापाला कंजूष म्हणतो, आणि मेल्याला धड लिहिता येत नाही."

अल्लालनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"दुसरीत होतो मी, लल्ला," तो म्हणाला.