हिच्या उंचीचं स्टँड
मुलुंडच्या दुकानात पप्पांनी गॅलरीत मावेल असं लाकूडकामाचं छोटं लेथ निवडलं, पण स्टँडपाशी ते अडले. "इकडे ये गं, नीट उभी राहा," म्हणत त्यांनी लेकीचं कोपर वाकवून उंची जुळवली. "काका, हे स्टँड बुटकं आहे, तुमची कंबर जाईल," दुकानदार म्हणाला. "मशीन हिच्यासाठी आहे." ती हसली. "काय पप्पा! मला कुठे येतं?" लहानपणी पटाशी धरायला त्यांनी शिकवलं होतं दादाला, ती मात्र दारातूनच बघत राहायची. "शिकवतो ना. येऊ दे मशीन." दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच पप्पा गेले. तेराव्यानंतर मशीन आलं. "कुणी वापरणार नसेल तर परत नेऊ का, ताई?" पप्पांचा हार घातलेला फोटो बघून आणणाऱ्यानं विचारलं. "राहू दे," ती म्हणाली. तो गेल्यावर लेथसमोर उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, मला लहानपणापासून शिकायचं होतं."