बारा वर्षांची बॅटरी

"मला मोठी बॅटरी हवी," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावर दोन पेसमेकर ठेवले होते. दोन्ही काडेपेटीएवढेसुद्धा नव्हते. एकाची बॅटरी सहा वर्षं चालायची आणि त्याचा सगळा खर्च सरकारी योजनेत बसत होता. दुसऱ्याची बारा वर्षं चालायची, पण वरची रक्कम पेशंटने भरायची होती. तो त्यांनी आपला दाखवायचा म्हणून दाखवला होता. पेशंटचं वय एक्याण्णव होतं.

"आजी, सहा वर्षं पुष्कळ झाली की," डॉक्टर जपून म्हणाले.

"कुणाला?" म्हातारीने विचारलं.

शेजारच्या खुर्चीतल्या लेकीने मान खाली घातली. तीही काही लहान नव्हती. एकोणसत्तर पूर्ण झालेली. गेल्या आठवड्यात आई चक्कर येऊन ओट्यापाशी कोसळली, तेव्हा तिला उचलता उचलता लेकीचाच गुडघा धरला. दोन्ही गुडघे कामातून गेले होते. निदान उजव्याचं ऑपरेशन व्हावं म्हणून तिने बँकेत एक ठेव ठेवली होती. सकाळी रिक्षात बसताना आईने सहज सांगितलं होतं, "लागली तर ती ठेव मोडू."

धाकट्या भावाने तर फोनवर आधीच बजावलं होतं, "आईचं आता फार ओढू नका." तो लांब राहायचा, पण त्याचे सल्ले वेळेवर पोचायचे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, लेक आईला सांभाळते. खरं म्हणजे घर आईवर चाललं होतं. म्हातारीने छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली होती. तिची पेन्शन जुन्या नियमांची, महागाईबरोबर वाढणारी. लेकीची नव्या नियमांची. जेवढी वर्षं भरली तेवढीच मिळणारी. लेक एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायची. सत्ताविसाव्या वर्षी ती नोकरी सुटली. पुढे मिळाली ती अर्ध्या दिवसाची कामं, कधी ग्रंथालयात, कधी तिकीट खिडकीवर. आता तिच्या पेन्शनीत घरभाडं निघायचं, तेही ओढूनताणून.

"आजी, स्पष्ट बोलतो," डॉक्टर म्हणाले. "बॅटरी बारा वर्षं टिकेल. शरीराचं मी सांगू शकत नाही."

"शरीराचं मी बघते. तुम्ही बॅटरीचं बघा."

डॉक्टरांना हसू आलं. लेकीला आलं नाही. तिला लाज वाटत होती. डॉक्टरांसमोर, बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर, आपल्या आईची ही हाव. बाबा गेले, बरोबरीच्या मैत्रिणी गेल्या, शेजारपाजारचं कुणी उरलं नाही, तरी हिचं पोट भरत नाही. आणि माझे गुडघे?

"आई, पुरे ना आता!" ती एकदम म्हणाली. "अजून किती जगायचंय तुला?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. डॉक्टर उगाच फाईल चाळू लागले.

म्हातारी रागावली नाही. कुणीतरी साधी चौकशी केल्यासारखं तिने उत्तर दिलं.

"अकरा वर्षं."

"काय?"

"अकरा वर्षं जगायचंय. पेन्शन कचेरीत फोन करून विचारलंय मी. तीनदा त्यांनी लाईन तोडली, मी चौथ्यांदा लावली. तुला ऐंशी पूर्ण झाली की तुझी पेन्शन वाढते. एकटीचं भागेल एवढी होते. त्याच्या आत नाही. आणि माझी पेन्शन माझ्याबरोबर बंद. मागे नवरा असेल तर त्याला मिळते, स्वतःची पेन्शन असलेल्या मुलीला नाही. तेही विचारून घेतलं."

लेकीचा हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला.

"ठेवीतून तुझा एक गुडघा होईल," म्हातारी पुढे म्हणाली. "मी राहिले तर पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्ही होतील, आणि वर रोजची भाजीही येईल. मी काही हिशेब न करता मोठी बॅटरी मागत नाही."

"पण हे सगळं तू कशाला..." लेक म्हणाली.

"तुझे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आपल्या दोघींपैकी एकीला घरी बसावं लागणार होतं. माझा पगार जास्त होता, म्हणून तू बसलीस. नऊ वर्षं त्यांचं सगळं तू केलंस, आणि मी रोज डबा घेऊन कामावर गेले. ती नऊ वर्षं तुझ्या पेन्शनीतून गेली आणि माझ्या पेन्शनीत आली. तू कधी बोलली नाहीस. म्हणून मला विसरायला झालं असं वाटलं तुला?"

लेकीने डोळे पुसले नाहीत. तिने डॉक्टरांकडून संमतीचा कागद मागून घेतला, आईच्या हातात पेन दिलं आणि सही जिथे करायची तिथे बोट ठेवलं. म्हातारीने चष्मा सारखा करून, एकेक अक्षर सुटं, सही केली.

डॉक्टरांनी सहा वर्षांचा पेसमेकर खणात ठेवून दिला.

"आजी," ते म्हणाले, "ही बारा वर्षांची आहे. तुम्ही अकराच म्हणालात."

"हो," म्हातारी म्हणाली. "वरचं एक माझं."