पाठपोट

‘संपूर्ण संग्रहाचे स्कॅनिंग पूर्ण झाले असून तो आता कायमस्वरूपी सुरक्षित आहे. मूळ कागदांची विल्हेवाट नियमानुसार लावण्यात आली आहे.’

संस्थेच्या पत्रातली ही दोन वाक्ये प्राध्यापिकेने संचालकांच्या टेबलापुढे उभ्यानेच वाचून दाखवली. ती संगणकाचा इतिहास शिकवत असे. शब्दांची झडती घेणे हा तिचा पोटापाण्याचा व्यवसाय होता.

“पहिलं वाक्य खोटं आहे,” ती म्हणाली. “दुसरं दुर्दैवानं खरं आहे.”

तिने संगणकाचा पडदा संचालकांकडे वळवला. खोलीभर पसरणाऱ्या एका जुन्या गणनयंत्राची चालकपुस्तिका उघडली होती. पृष्ठ एक. मग तीन. मग पाच, सात, नऊ. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी चालकाने’ इथे तिसरे पृष्ठ संपत होते आणि पाचवे सुरू होत होते ते ‘अन्यथा आग लागण्याचा संभव आहे’ या शब्दांनी. मधल्या वेळात चालकाने नेमके काय करायचे, हे सांगणारा कागद आता उरला नव्हता. पुढची पुस्तिका तशीच. त्यापुढची मासिकेही तशीच.

“काही पानं कोरी असतात, मॅडम,” संचालक म्हणाले.

“आणि ती बरोबर सम आकड्यांचीच असतात?”

“जुनी छपाई ना. तेव्हा तेवढं तंत्र नव्हतं.”

“छपाई जुनी होती, अडाणी नव्हती. पाठपोट छापायचे साहेब. कागदाला मागूनही शाई लावायची पद्धत होती.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे काका बसले होते. आपला संग्रह पडद्यावर कसा दिसतो ते पाहायला म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ते यंत्रदुरुस्ती करत, तीही संगणकाला स्वतंत्र खोली लागे त्या काळात. सुधारित पुस्तिका आली की जुनी फाडून टाकायची, असा त्यांच्या कंपनीचा हुकूम होता. काकांनी तो नोकरीभर इमानेइतबारे मोडला. डब्याच्या पिशवीतून त्यांनी जुन्या पुस्तिका घरी आणल्या, तारांच्या जोडणीचे नकाशे आणले, विक्रेत्यांची पत्रके आणली, संगणक केंद्रांची चार-चार पानी मासिके आणली. त्यांतल्या कित्येकांची दुसरी प्रत प्राध्यापिकेला कुठल्याही ग्रंथालयात सापडली नव्हती. नातेवाईक त्यांना रद्दीकाका म्हणत. काकूंनी आधी पलंगाखालची आणि मग पलंगावरचीही जागा कागदांना सोडून दिली होती. “सवत परवडली असती,” त्या म्हणत. “ती निदान एका जागी बसली असती.”

संस्थेला संग्रह द्यायला काका तयार नव्हते. त्यांचे मन वळवले ते प्राध्यापिकेने. “तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार?” असे तिने त्यांना एकदा नाही, अनेकदा विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आता टेबलापलीकडे बसून चहा ढवळत होते.

“अर्धं तर वाचलंय ना, मॅडम,” उत्तर म्हणाले. “जरा सकारात्मक पाहा.”

“असं करू या,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो गार होत गेला. “तुमच्या नेमणुकीच्या आदेशातला एकाआड एक शब्द मी खोडते. उरलेल्यावर तुम्ही पगार काढून दाखवा.”

संचालकांनी चमचा बशीत ठेवला.

“जाऊ दे गं, बाळ,” काका म्हणाले. इतका वेळ ते पडद्याकडेच पाहत होते. “त्या स्कॅनिंगच्या मशीनला दोन्हीकडून वाचायचं बटण वेगळं असतं. ते दाबायचं राहिलं असणार. गठ्ठा लावला, मशीन चालू केलं, माणूस चहाला गेला. कळलं असेल तोवर कागद गिरणीत जाऊन लगदा झालेला. जन्मभर हेच पाहिलंय मी. मुद्दाम कोण कशाला करेल?”

“काका, तुम्ही यांची वकिली करू नका.”

“वकिली कसली? माणसाला चूक कबूल करायला जागा तरी ठेव.”

वर्षानुवर्षे तेल-पाणी करून जपलेली एखादी वस्तू फुटावी आणि फोडणाऱ्यालाच धन्याने ‘लागलं नाही ना?’ म्हणून विचारावे, तसा काकांचा चेहरा होता. संचालकांना आता नुसती मान डोलवायची होती. निर्दोष सुटण्याचा निकाल म्हाताऱ्याने स्वतःच लिहून त्यांच्या हाती दिला होता.

पण संचालकांनी मान डोलवली नाही. इतक्या वेळात खोलीत एक समजूतदार माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. त्यांनी खुर्ची काकांकडे सरकवली. त्यांच्या आवाजात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. आपल्यातल्याच माणसाला कामातली अडचण सांगावी, तसा सूर होता.

“छे हो काका, पहिल्याच गठ्ठ्याला लक्षात आलं होतं आमच्या. पण संग्रहाच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि मग कागद ठेवून कसं चाललं असतं? कुणीतरी ताडून पाहिलं असतं ना!”