तिसरं वळण

सकाळ सामान भरण्यात गेली. मग कारवट घाटातलं घर सोडून लेकीकडे सांगलीला कायमचं निघण्याआधी वैजयंताबाई विम्यावरचा पत्ता बदलायला गाडीत बसल्या. हल्ली हप्ता माणसागणिक नव्हे, वस्तीगणिक ठरायचा. वस्तीत कोण कशी गाडी चालवतं, ते गाडीतलं विम्याचं यंत्र रोज बघायचं.

"आई, शहरात आता हाताने कुणी चालवत नाही," न्यायला आलेली लेक शेजारच्या सीटवरून कुरकुरली. "तुझ्यामुळे सगळ्या सोसायटीचा हप्ता चढेल. लोक मला बोलतील."

"बोलू देत. स्टिअरिंग मी सोडायची नाही."

तेवढ्यात यंत्र बोललं, "सांगलीची सोसायटी, हप्ता सहा टक्के कमी. कारवट घाट, हप्ता एकवीस टक्के जास्त."

"चढायच्या ऐवजी उतरला?" लेक म्हणाली.

"घाटाचा का रे वाढवलास?" बाईंनी दरडावून विचारलं.

"घाट उतरताना तिसऱ्या वळणावर आपण एकतीस वर्षं रोज थांबत होता. कारण माहीत नाही. पण तिथे एकही अपघात झालेला नाही. आता आपण नसाल."

"कारण कसलं? चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, एवढंच. मी थांबले की मागच्यांना थांबावंच लागायचं."

बाईंनी दूधगाडी चालवणाऱ्या अनसूयेला फोन लावला. "अगं, उद्यापासून तिसऱ्या वळणावर तू थांबायचंस."

"आज सकाळीच थांबले, काकू. तुमची गाडी पुढे नव्हती तरी."

बाईंनी पदराने स्टिअरिंग पुसलं.

"पत्ता बदलू?" यंत्राने विचारलं.

"बदल. आणि घाटाचा हिशेब चार दिवसांनी परत कर!"